आप्पांचा कॉल

इरा, नील,

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तुझी ज्योत विझत कशी नाही?" तुम्ही पाठवलेल्या टॅबमधले डोक्याचे खेळ रोज खेळले, की पडद्याच्या कोपऱ्यात एक लहानशी ज्योत पेटती राहते. एक दिवस चुकला की विझते. इराची म्हणे सारखी विझते, आणि माझी तुम्हाला तिथे बसून पेटलेली दिसते. नील म्हणाला, आजी शिस्तीची आहे ना, म्हणून.

शिस्तीची मी आहे. आमच्या घरात चमचेसुद्धा रांगेत झोपतात, असं तुमचे आजोबा म्हणायचे. पण हे काम शिस्तीवर चाललं असतं, तर पहिल्याच महिन्यात बंद पडलं नसतं. ते बंद पडलं होतं. पुन्हा सुरू झालं ते एका माणसामुळे, आणि त्या माणसाने स्वतः तो खेळ माझ्यासमोर एकदाच खेळला. तसं का, याचा मी खूप विचार केला आहे. थोडंफार उमगलं आहे, ते लिहिते. आई वाचून दाखवेल तेव्हा तिला घाई करू नका.

त्यांचं नाव सोपान गायकवाड. सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. आमच्या दौंडच्या गल्लीच्या टोकाला, रेल्वेच्या भिंतीला लागून त्यांचं दोन खोल्यांचं घर. उंच, वाळकुडा माणूस. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि पायात काळे बूट, मे महिन्यातसुद्धा. आमच्या दौंडचा मे तुम्हाला माहीत आहे, त्या उन्हात मांजरंही भिंतीची सावली सोडत नाहीत. सोबत नेहमी सायकल. पण मी त्यांना सायकलवर बसलेलं फारसं पाहिलं नाही. हँडल धरून ते तिच्या बाजूने चालायचे. मी एकदा विचारलंच, "आप्पा, बसायचं नाही तर सायकल कशाला?"

"बाई, हातात सायकल असली की मानूस कामाला निघाल्यावानी दिसतो. मोकळ्या हातानं हिंडलं की लोकं इचारत्यात, काय आप्पा, करमत न्हाई व्हय?"

मी शिरूरला बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यामुळे सगळ्या गावाप्रमाणे तेही मला बाई म्हणायचे. दाराची बेल ते कधी वाजवायचे नाहीत. सायकलची किल्ली कडीवर वाजवायचे: दोनदा, मग थांबून एकदा. "बेल समद्या घराला उठवती. मला एकच मानूस उठवायचा असतो."

हे 'उठवणं' म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. दौंड मोठं जंक्शन. इथे इंजिन ड्रायव्हर आणि गार्ड यांची सगळी कॉलनीच होती. मालगाडी कधी सुटेल त्याचा नेम नसायचा, आणि फोन तर घरी नसायचेच. गाडी लागली की रेल्वेचा एक माणूस सायकलवर घरोघर जाऊन सांगायचा, अमुक गाडी अमुक वाजता, चला. याला म्हणायचे कॉल देणं. आप्पांनी ऐन उमेदीची सगळी वर्षं कॉल दिले. पुढे मोबाइल आले, कॉल फोनवर गेले, आणि आप्पांना ऑफिसात कागद इकडून तिकडे नेण्याचं काम दिलं. त्याबद्दल ते कधी बोलायचे नाहीत. कॉलबद्दल मात्र विचारावं आणि ऐकत बसावं.

तुमचा टॅब आला तेव्हा मी एकटीच खेळत होते. मग वाटलं, आपल्या वयाची एवढी माणसं आजूबाजूला आहेत, एकत्र खेळू. रोज दुपारी चारला आमच्या पुढच्या खोलीत. मी दोन रंगांत वेळापत्रक केलं, झेरॉक्स वाटल्या. पहिल्या दिवशी खुर्च्या पुरल्या नाहीत. दुसऱ्या आठवड्यात त्याच खुर्च्यांवर मी वाळलेले कपडे ठेवू लागले. कुणाची नात आली होती, कुणाचा गुडघा धरला होता, कुणाची मालिका चारलाच लागत होती. पलीकडच्या गल्लीत डिसोझा राहतात, निवृत्त ड्रायव्हर. पत्नी गेलेली, मुलगी गोव्याला. ते तर स्पष्टच म्हणाले, "मॅडम, मी डिझेल इंजिन चालवलंय. माझं डोकं चालवायला हा खिलौना कशाला?"

न चुकता येत राहिले ते दोघंच: आप्पा आणि त्यांची बायको हिराबाई.

हिराबाई राहू गावच्या. माहेरची झेंडूची शेती होती, लहानपणापासून हार ओवलेले. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, आणि जिभेला धार. पण दोनेक वर्षांपासून त्या विसरू लागल्या होत्या. आधी गॅस, मग दिवस, मग माणसं. पुण्याच्या डॉक्टरांनी आप्पांना सरळच सांगितलं होतं की गेलेलं परत येईल असं मी म्हणणार नाही. पण रोज ठरल्या वेळेला, चार माणसांत बसून, आवडेल ते काहीतरी डोकं चालवून करू द्या. आहे त्यात त्या बऱ्या राहतील. आप्पा-हिराबाईंचा मुलगा मिलिंद शिरूरला राहतो, रांजणगावच्या कंपनीत सुपरवायझर आहे. त्यानेही एक टॅब आणून दिला होता. हिराबाईंनी तो पिठाच्या डब्यात पुरून ठेवला. "त्यो माझ्याकडं टक लावून बघतो," म्हणाल्या.

आमच्याकडे, माणसांत, मात्र त्या खेळायच्या. पुढे खुर्च्या रिकाम्या होऊ लागल्या तशा त्या खेळता खेळता मान वर करून बघायच्या आणि म्हणायच्या, "लोकं गेली का? मग मीबी जाते."

एका दुपारी त्या खरंच उठून गेल्या. आप्पा त्यांना घरी बसवून परत आले आणि आमच्या पायरीवर टेकले. भिंतीवरच्या माझ्या वेळापत्रकाकडे बराच वेळ बघत राहिले.

"बाई, तुमच्या या खोलीत मानसं टिकली, तर माझी हिरा टिकंल. मानसं न्हाईत तर ती भिताडाकडं तोंड करून बसंल. आन् एकदा तशी बसली, की मग मला न्हाई उठवता यायची."

मी म्हटलं, "मी तरी काय करू? सगळ्यांना वेळ सांगितली, कागद दिले."

"कागदात समदं हाय, बाई. पर कॉल कोन देतो?"

दुसऱ्या दिवसापासून साडेतीनला ते सायकल घेऊन निघू लागले, हिराबाईही मागोमाग. मला मोठं कुतूहल वाटलं. सत्तरी उलटलेल्या, आपापल्या घरचे राजे असलेल्या माणसांना हा माणूस दुपारच्या झोपेतून उठवून आणणार कसा? म्हणून एकदा त्यांच्याबरोबर गेले. पहिलंच दार डिसोझांचं.

किल्ली वाजली. दोनदा, मग एकदा. मग आप्पा नुसते उभे. मी पुन्हा वाजवायला हात पुढे केला, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

आतून आवाज आला, "हां, हां. आया."

मी निघाले. आप्पा जागचे हलले नाहीत. "साहेब, कॉल हाय. कुठली गाडी?"

आत शांतता.

"कुठली गाडी, साहेब?"

"...चार की. मॅडम के घर की."

"जोडीला कोन?"

"अरे बाबा, तुझी बायको! हिराबाई!"

"मंग चपला घाला. आवाज येऊ द्या."

आतून चपला घासल्याचा आवाज आला, त्याच्याबरोबर गोव्याकडची एक सणसणीत शिवी. आप्पांनी सायकल वळवली. "हा आला. चला."

"अहो, पण 'आलो' म्हणाले होते की आधीच!"

"बाई, मानूस झोपंत बी हो म्हंतो. हो म्हंतो आन् कूस बदलतो. म्या 'हो'ला कवाच कॉल धरला न्हाई. कुठली गाडी त्ये त्याच्या तोंडून आलं पायजे, आन् पाय जमिनीला लागल्याचं माझ्या कानावर आलं पायजे. मंगच दार सोडायचं."

ते कुणाला "खेळायला चला" म्हणायचे नाहीत. "डोक्याला चांगलं असतं" हे तर चुकूनही नाही. मी तेच म्हणत होते आणि लोक गुडघे चोळत होते. आप्पा फक्त एवढंच सांगायचे की तुझ्यावाचून कुणाचं तरी अडून बसलं आहे. आणि ते खरं असावं म्हणून त्यांनी जोड्या लावल्या होत्या. रेल्वेत गार्डने हिरवी झेंडी दाखवल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. तसं इथे एकाने खेळायचं आणि दुसऱ्याने शेजारी बसून 'चला' म्हणायचं. दुसरा आला नाही तर पहिल्याची गाडी उभी. दुसऱ्या दिवशी अदलाबदल. स्वतःसाठी घरी लोळत पडलेली माणसं दुसऱ्याची गाडी अडू नये म्हणून उन्हातून यायची, याचं मला अजून नवल वाटतं. तुमच्या खेळ बनवणाऱ्यांना ज्योत सुचली, झेंडी नाही सुचली.

हिराबाई आणि डिसोझा ही जोडी आप्पांनी मुद्दाम लावली असावी. डिसोझांना घाई फार. खेळ होता पालथी चित्रं उलटून सारख्या जोड्या शोधण्याचा. पण चित्रं कुठली, तर तुमच्या परदेशातली: बर्फाचं घर, आव्होकाडो, फ्लेमिंगो. हिराबाईंना नावच ठाऊक नाही, तर चित्र लक्षात राहायचं कसं? मी आपली प्रत्येक नाव तीनतीनदा स्वच्छ उच्चारून सांगत होते. हिराबाईंनी थोडा वेळ ऐकून घेतलं. मग त्या गुलाबी फ्लेमिंगोवर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्यो बगळा लाजलाय कशानं?"

डिसोझा खो खो हसले. "लाजलेला बगळा! मॅडम, लिहून घ्या."

मग सगळ्यांचीच बारशी झाली. बर्फाचं घर म्हणजे पालथा माठ. अर्धा कापलेला आव्होकाडो म्हणजे गोटी गिळलेलं वांगं. ही नावं आमच्या खोलीत अजून चालू आहेत, आणि खरं सांगते, त्यानंतर सगळ्यांनाच जोड्या लवकर सापडू लागल्या. आव्होकाडो विसरतो, गोटी गिळलेलं वांगं कोण विसरेल?

हिराबाईंना मात्र वेळ लागायचा. एक चित्र उलटलं की बोट हवेत थांबायचं, आणि कोपऱ्यातल्या घड्याळाची लाल रेघ भराभर संपायची. एकदा डिसोझांना राहवलं नाही. त्यांनी हळूच बोटाने दुसरा बगळा दाखवला.

आप्पा दारातल्या वेताच्या मोड्यावर बसले होते. ते नेहमी तिथेच बसायचे. ते उठून आले. आवाज चढला नव्हता.

"साहेब, तुम्ही आज गार्ड हायसा. झेंडी दाखवा. इंजिनाला हात लावू नगा."

"अरे सोपान, तिला त्रास होतोय रे. टाइम संपला."

"व्हऊ द्या. तिची गाडी हाय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, ह्ये घड्याळ बंद करता येतं का?"

जन्मभर मिनिटावर काम केलेला माणूस घड्याळ बंद करायला सांगत होता. मी टॅबमध्ये शोधाशोध केली. करता येत होतं. लाल रेघ गेली. हिराबाईंचं बोट बराच वेळ हवेत फिरलं, एकदा चुकलं, पुन्हा फिरलं, आणि बगळ्यावर पडलं.

"गावला गं बया!" त्या म्हणाल्या. डिसोझांनी खिशातला रुमाल काढून झेंडीसारखा हलवला.

"गाडी लेट झाली तरी चालंल," आप्पा मोड्यावर परत बसत म्हणाले. "सुटली म्हंजी झालं."

हे सगळं छान चाललं होतं, पण माझ्या मनात एक प्रश्न होता. आप्पा स्वतः का खेळत नाहीत? मी दोनचारदा आग्रह केला. ते म्हणायचे, "कॉलवाला गाडीत बसला, तर पुढल्याला उठवायचं कुनी?" उत्तर झकास होतं. पण मी उत्तरपत्रिका तपासण्यात आयुष्य घालवलं आहे. झकास उत्तर कधी कधी दुसरं काहीतरी झाकायला दिलेलं असतं, हे मला माहीत आहे.

शेवटी एक दिवस डिसोझांनी त्यांचा हात धरून त्यांना खुर्चीत बसवलं. "आज तू ड्रायव्हर, मी गार्ड. नाही म्हणशील तर उद्यापासून दार उघडणार नाही." सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. आप्पा बसले. चष्मा पुसला. पहिली जोडी चुकली, दुसरी चुकली, आणि मग बघता बघता माणूस रंगला. ओठ मिटून, भुवया ताणून एकेक पान उलटत होते. मी त्यांना इतकं मोकळं त्याआधी पाहिलं नव्हतं. शेवटची जोडी लागली, पडद्यावर चांदण्या उडाल्या आणि आप्पा शाळेतल्या मुलासारखे हसले. हसत हसतच त्यांनी दाराकडे पाहिलं.

मोडा रिकामा, तो तर असणारच. पण हिराबाईंची खुर्चीही रिकामी होती.

आप्पा तिथे का बसायचे, ते मला तेव्हा कळलं. ते दारात बसत नव्हते. ते दार अडवून बसत होते.

आम्ही सगळे बाहेर धावलो. सगळे म्हणजे कोण, तर गुडघेवाले, काठीवाले. एकजण त्यांच्या घराकडे, एकजण मोठ्या रस्त्याकडे, आप्पा सरळ रुळांच्या बाजूला. भिंतीत एक भगदाड आहे, लोक त्यातून ये-जा करतात. तेवढ्यात एक एक्स्प्रेस भोंगा वाजवत गेली. आप्पा भगदाडाशी एक हात भिंतीला टेकून उभे राहिले. शेवटचा डबा जाईपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत. गाडी गेली. रूळ मोकळे होते.

मग डिसोझांची हाक आली. जोराची नव्हे, दबक्या आवाजातली, हात हलवून.

डिसोझांच्याच घराच्या बंद दारासमोर हिराबाई उभ्या होत्या. पदर नीट खोचलेला. हातात सायकलची किल्ली. आमच्या अंगणातल्या सायकलची काढून घेतली होती. त्यांनी ती कडीवर वाजवली. दोनदा, मग थांबून एकदा. आणि नुसत्या उभ्या राहिल्या, अगदी आप्पा उभे राहायचे तशा. घरात कुणी नव्हतं. घरमालक आमच्याबरोबर गल्लीत धापा टाकत उभा होता.

"साहेब, कॉल हाय," हिराबाई दाराला म्हणाल्या. "कुठली गाडी?"

आम्ही सगळे आप्पांकडे बघू लागलो. डिसोझांनी मात्र आमच्याकडे बघितलंही नाही. ते चपला हातात घेऊन, एवढ्या देहाचा माणूस, चवड्यांवर घराच्या मागे गेले. मागचं दार उघडलं, आत गेले, आणि आतून त्यांचा जाडाभरडा आवाज आला.

"आलो, आलो! चार की गाडी. मॅडम के घर की!"

"जोडीला कोन?"

"हिराबाई गायकवाड!"

"मंग चपला घाला. आवाज येऊ द्या."

डिसोझांनी हातातल्या चपला जमिनीवर टाकल्या आणि पायात सरकवून जोरजोरात घासल्या. हिराबाईंनी मान हलवली, मागे वळल्या आणि आप्पांना बघून म्हणाल्या, "हा आला. चला."

त्या दिवशी सगळे पुन्हा खोलीत येऊन बसले, मी चहा केला, डिसोझांनी तीनदा तीच नक्कल केली आणि सगळे तीनदा हसले. आप्पा हसले नाहीत. पुन्हा मोड्यावर जाऊन बसले. दाराला पाठ लावून.

बातमी शिरूरला पोचलीच. रविवारी मिलिंद कंपनीचा निळा शर्ट घालूनच आला, शिफ्ट संपवून थेट. मुलगा गुणी आहे. आईच्या पाया पडला, तर ती म्हणाली, "कुनाचं रे तू?" नंतर आमच्या ओट्यावर बापलेक बोलले, मीही होते. वडिलांना तो आबा म्हणतो.

"आबा, आता बास. शिरूरला चला. माझा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, खाली गेट आहे, वॉचमन आहे. इथं घराला लागून रूळ."

"तिथं तिच्या वळखीचं कोन हाय?"

"इथं तरी ती कुणाला ओळखते, आबा?" एवढं बोलून त्याने जीभ चावली.

आप्पांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "खरं हाय बाबा तुझं. पर इथं तिला उठायला काम हाय. तिथं मी तिला कशासाठी उठवू?"

पण भगदाडाशी त्यांनी डोळे मिटले होते ते मी पाहिलं होतं, आणि मला माहीत होतं की ते जाणार.

जायच्या आदल्या दिवशी त्यांनी नेहमीसारखेच कॉल दिले. शेवटचं दार डिसोझांचं. चपलांचा आवाज आल्यावर ते निघाले नाहीत. दार उघडल्यावर त्यांनी सायकल पुढे केली. "साहेब, उद्यापास्नं ही तुमी धरा."

"मी? मी ड्रायव्हर आहे, सोपान. मला जन्मभर लोकांनी उठवलं."

"म्हनूनच तर. झोपलेला मानूस कसा फसवतो, त्ये तुमच्याइतकं कोनाला ठावं?"

तेव्हापासून आम्हाला डिसोझा कॉल देतात. वाईट देतात. किल्ली बाजूला ठेवून मुठीने दार ठोकतात, शेजारची कुत्री उठवतात, आणि "कुठली गाडी" हिंदीत विचारतात. पण चपलांचा आवाज ऐकल्याशिवाय दार सोडत नाहीत. तर माझी ज्योत विझत नाही ती अशी. मी घरमालकीण, खेळ माझ्याच खोलीत, तरी मलासुद्धा कॉल येतो. मलाही विचारतात, कौनसी गाडी, मॅडम? आणि मला सांगावं लागतं.

आप्पांना मी नंतर एकदाच पाहिलं. माझ्या जुन्या शाळेत एक समारंभ होता, म्हणून शिरूरला गेले होते. चौफुल्यावरून न्हावऱ्याकडचा रस्ता, पुढे उसाच्या ट्रॉल्या, त्यामुळे उशीरच झाला. समारंभ आटोपून मिलिंदच्या बिल्डिंगपाशी पोचले तेव्हा चार वाजायला आले होते. लिफ्ट बंद होती. जिना चढताना मनात तेच होतं: हिराबाई आता कशा असतील? भिंतीकडे तोंड करून बसल्या असतील का? मिलिंद फोनवर एवढंच म्हणाला होता की आता ती आबांनासुद्धा ओळखत नाही. घरात हा कोण पुरुष, म्हणून अंग चोरून बसते, त्यांनी हात धरून उठवलं तर झिडकारते.

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर आले आणि थांबले. आप्पा आपल्याच घराच्या बंद दाराबाहेर उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काळे बूट. मला वाटलं, बाहेर अडकले बिचारे. हाक मारणार होते, तेवढ्यात त्यांनी खिशातून किल्ली काढली. कुलपाला लावली नाही. कडीवर वाजवली. दोनदा, मग थांबून एकदा.

आत सामसूम. आप्पा नुसते उभे. त्यांना मी दिसले. त्यांनी मानेनेच नको म्हटलं, त्या दिवशी डिसोझांच्या दाराशी म्हटलं होतं तसं. मी कठड्याला धरून जिथल्या तिथे थांबले. खालच्या मजल्यावर कुणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता.

"हिराबाई गायकवाड," आप्पा दाराशी तोंड नेऊन म्हणाले, अगदी परक्या माणसासारखे, अदबीने. "कॉल हाय."

बराच वेळ गेला. मग आतून बारीक आवाज आला, "आले, आले."

आप्पा हलले नाहीत.

"कुठली गाडी?"

पुन्हा शांतता. आप्पांचा कान दाराला लागलेला, डोळे मिटलेले, भगदाडाशी मिटले होते तसे.

"बगळ्याची," हिराबाई म्हणाल्या. "लाजलेल्या."

आणि मग आतल्या फरशीवर चपला घासल्याचा आवाज आला.